न विचारतां सांगावें काय?

पावसाळ्यास आरंभ झाला म्हणजे नागपुरांतील महाविद्यालयांच्या आवारांत नवीं मुलें दिसूं लागतात. कोणी गडचिरोलीकडील, कोणी गोंदियाकडील, कोणी यवतमाळच्या आडगांवचीं. घर प्रथमच सुटलेलें असतें. सीताबर्डीच्या गर्दींत रस्ता चुकण्याची भीति, खानावळीच्या जेवणाची कुरकुर, आणि इंग्रजींतून झालेलें व्याख्यान समजलें नाहीं हें कोणास सांगावें ही विवंचना, एवढें ओझें घेऊन तीं वर्गांत बसतात. अशा वेळीं जो कोणी दोन शब्द मायेनें बोलेल त्याच्या मागें जाण्यास त्यांचें मन तयार असतें. आम्ही पंचवीसांहून अधिक वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों, आणि आम्ही ख्रिस्ती आहों. आजोबांपासून आमच्या घरीं चालत आलेला, परंतु पुढें आमचा आम्हांस पारखून घ्यावा लागलेला हा धर्म होय. म्हणून प्रतिवर्षीं या दिवसांत एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो: जें आम्हांस प्राणाहून प्रिय, तें या मुलांस आपण होऊन सांगावें काय?

यंदा हा प्रश्न घरींच चालून आला. आमच्या मंडळींतील कांहीं तरुण एका सायंकाळीं आले. नव्या विद्यार्थ्यांस भेटावें, त्यांस खोल्या शोधून द्याव्या, जुनीं पुस्तकें मिळवून द्यावीं आणि ओघानें प्रभूची गोष्ट सांगावी असा त्यांचा बेत होता. त्यासाठीं आमच्या वर्गांतील मुलांचीं नांवें व मोबाईलचे क्रमांक त्यांस हवे होते. मुलें गुणी, हेतु निर्मळ. आम्ही यादी दिली नाहीं. त्यांतील एकजण मापाखालच्या दिव्याची आठवण करून देऊन उठला, आणि तो शब्द आम्हांस लागला हें खरें.

नागपुरास हा वाद नवा नाहीं. 1845 सालीं, भोसल्यांचें राज्य असतां, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून येथें आले आणि त्यांनीं शाळा काढली. धर्मोपदेश हें त्यांचें काम. पण या गृहस्थास दगडांचें, जीवाश्मांचें, गोंड लोकांच्या भाषांचें असें वेड कीं एका खनिजास आज त्यांचें नांव आहे. 1863 च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून रात्रीं परततांना पूर आलेल्या नाल्यांत ते बुडाले. वीस वर्षांनीं, 1883 मध्यें, त्यांच्या नांवाचें महाविद्यालय निघालें. तेथून शिकून गेलेल्या पिढ्यांत बाप्तिस्मा घेणारे अगदींच थोडे. ज्यांनीं स्वदेशीं वर्गणी दिली असेल त्यांस हा तोटा वाटला असेल. आम्हांस तो वाटत नाहीं. शिकविण्याचा मोबदला म्हणून मन मागितलें नाहीं, तरच शिकविणें हें दान.

मागितलें म्हणजे काय होतें हें मुंबईनें पाहिलें आहे. 1839 सालीं डॉ. विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणानें बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें आणि पारशी पालकांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढलीं. 1843 सालीं नारायण शेषाद्रींच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचें प्रकरण झालें. तो अल्पवयी, म्हणून न्यायालयानें त्यास बापाच्या हवालीं केलें. पुढें त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं यावर तंटा माजला व बाळशास्त्री जांभेकरांसारख्या सज्जनास त्यापायीं स्वजनांचा रोष सोसावा लागला. यांत मिशनरी लबाड होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आईबापांनीं मुलगा वाचनलेखनासाठीं पाठविलेला होता, एवढी गोष्ट उरतेच.

याउलट 1893 सालची ती आगगाडी पाहा. नारायण वामन टिळक नागपूर सोडून राजनांदगांवास निघाले असतां डब्यांत एका गोऱ्या सहप्रवाशाची गांठ पडली. त्यानें त्यांस नवा करार दिला, आणि 1895 मध्यें टिळक ख्रिस्ती झाले. येथें दोघेही तिकीट काढून बसलेले. एकाची परीक्षा दुसऱ्याच्या हातीं नव्हती. पुढील स्टेशनावर उतरून जाण्यास कोणी मना केलें नव्हतें. टिळक तिशी उलटलेले, विद्वान, वादास पक्के. तरीही त्या पुस्तकाची किंमत लक्ष्मीबाईंनीं किती भरली हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. मग ज्याचे गुण आमच्या लेखणींत आहेत त्या अठरा वर्षांच्या पोरास आम्ही कोणत्या तोंडानें सहप्रवासी म्हणावें?

कायद्याचें म्हणाल तर तो स्पष्ट आहे. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदानें प्रसाराचा अधिकार दिला, 28 व्यानें सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेंत संमतीवांचून धर्मशिक्षणास बसविण्यास मनाई केली, आणि प्रसार म्हणजे दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असें सर्वोच्च न्यायालयानें 1977 सालीं ठरविलें. त्यापूर्वीं 1956 मध्यें न्यायमूर्ति नियोगी यांच्या समितीचा मिशनऱ्यांवरील कडक अहवाल निघाला; त्याच वर्षीं 14 ऑक्टोबर रोजीं याच शहरांत डॉ. आंबेडकरांनीं लाखोंसह बौद्ध धर्म स्वीकारला. मनुष्य विचारपूर्वक धर्म बदलूं शकतो हें नागपूरकरांस अन्य कोणीं शिकवावें असें नाहीं.

आमचा अनुभव कायद्याहून लहान आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलाची फी आम्ही भरली होती. त्याचा बाप शेतावर मजुरी करी. दिवाळीनंतर तो घरीं आला व उभ्याउभ्याच म्हणाला, “सर, म्या तुमच्या धर्मात याचं ठरवलं.”

“कां रे?”

“तुमी माही फी भरली नं.”

आम्ही त्यास बसविलें. फी हें कर्ज नव्हे, आणि कर्ज असतें तरी तें अशा रीतीनें फेडावयाचें नसतें, हें समजावण्यास तासभर लागला. त्याच्या डोळ्यांत सुटकेचा आनंद होता कीं नकार मिळाल्याचें दुःख, हें आम्हांस आजही सांगतां येत नाहीं. पण त्या दिवशीं जर आम्ही ‘ये’ म्हटलें असतें, तर ज्याच्या नांवानें म्हटलें असतें त्यासच आम्ही दोनचार हजार रुपयांस विकलें असतें.

याचा अर्थ मौन पाळावें असा नव्हे. मिल्टन शिकवितांना एका मुलीनें भर वर्गांत विचारलें, “सर, तुमचा स्वतःचा यावर विश्वास आहे?” आम्ही “होय” म्हणालों, आणि पुढील ओळीकडे वळलों. तास संपल्यावर ती थांबली तेव्हां तिच्याशीं जिन्यांत उभें राहून पुष्कळ बोललों. ती पटून गेली नाहीं, पुन्हां मात्र आली.

त्या तरुणांस आम्ही शेवटीं इतकेंच सांगितलें कीं, खोल्या शोधून द्या, पुस्तकें द्या, आणि त्या दिवशीं दुसरें कांहीं देऊं नका. शनिवारीं सायंकाळीं आमचें दार उघडें असतें. ज्यास विचारावयाचें तो येईल. गेल्या शनिवारीं सहाजण आले. बहुतेकांस परीक्षेचें वेळापत्रक हवें होतें. भंडाऱ्याकडची एक मुलगी सर्वांच्या मागें राहिली. आई मेडिकलमध्यें आहे, असें ती म्हणाली, आणि आम्ही प्रार्थना करतों हें तिनें कोणाकडून ऐकलें होतें. तिच्या आईसाठींही ती करतां येते काय? आम्ही आईचें नांव विचारून घेतलें.