ग्रीस कुठं, ऑइल कुठं

सरकारी नियमानं गाडी ‘व्हिंटेज’ ठरायला ५० वर्षं लागतात. अब्बांची प्रीमियर पद्मिनी १९८२ची, मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. म्हणजे आम्ही दोघंही अजून त्या मानाचे धनी नाही. तरी सांगलीत शाळेबाहेर गाडी उभी केली की मुलं विचारतात, “सर, म्युझियममधून आणली का?” ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज याच गावात आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ही गाडी तयार होऊ लागली, हे त्यांना सांगितलं की खरं वाटत नाही.

अब्बांच्या इंतकालनंतर गाडी विकायचा विषय घरात दोनदा निघाला. दोन्ही वेळा अम्मींनी तो मिटवला. साताऱ्याला खालाकडं जायचं तर याच गाडीतून. मागच्या सीटवर अम्मी बसलेल्या असताना स्टिअरिंग आणि पेट्रोल पंप या दोन गोष्टींवर माझा जीव असतो. गाडी बंद पडली तर ढकलता येते. स्टिअरिंगनं किंवा आगीनं दगा दिला तर ढकलण्याचा प्रश्नच उरत नाही.

गाडीचं काम साताऱ्याचे एक बुजुर्ग मिस्त्री करतात. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला मास्तर. मागं दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं स्टिअरिंग बॉक्स गळतो म्हणून त्यात चक्क ग्रीस भरून दिलं होतं. गळणं थांबलं, पण वळणावर स्टिअरिंग जड झालं. चाचांनी झाकण उघडलं आणि हसले. “मास्तर, ग्रीस जिथं डाला वहींच रहता. ऑइल घूमके वापस आता.”

बी.एड.ला वर्षभर शिकलो, पण इतकं नेमकं वाक्य कानावर पडलं नव्हतं. बॉक्समधला वर्म फिरतो तसा तो ग्रीसला बाजूला सारतो, आणि ग्रीस तिथंच थिजून राहतं. दात कोरडे झिजतात. तिथं ९० नंबरचं गिअर ऑइलच हवं. गळत असेल तर ऑइल सील बदलायचं, औषध बदलायचं नाही. ग्रीसची जागा वेगळी, किंगपिनच्या निपलमध्ये. तेही जॅक लावून, चाक जमिनीवरून उचलून. वजन पिनवर असलं की दाबाच्या बाजूला ग्रीस शिरतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागोमाग नवं दिसेपर्यंत गन मारायची. हे काम घाईचं नाही, आणि पोरावर सोपवून चहाला जायचं तर मुळीच नाही.

पंपाची गोष्ट जरा गुंतागुंतीची. माझ्या भाच्याचा आग्रह होता की नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवू, “मामू, एकदम पॉवरफुल!” पॉवर हीच तर अडचण. कार्ब्युरेटरला चौरस इंचाला साधारण २ ते ४ पौंड दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पौंडांच्या आसपास किंवा वर जातो. फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, मग पेट्रोल वर उसळून तापलेल्या इंजिनवर सांडतं. कमी दाबाचे इलेक्ट्रिक पंप मिळतात, पण टक्कर होऊन इंजिन बंद पडलं तरी तो पंप चालूच राहू शकतो. त्याला आपोआप बंद करणारा स्विच लावावा लागतो. जुना पंप इंजिनच्या कॅमवर चालतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. उन्हाळ्यात पसरणीचा घाट चढताना अब्बा त्याच्यावर ओलं फडकं ठेवायचे, म्हणजे पेट्रोलची वाफ धरत नसे. मीही ठेवतो. भाचा फोटो काढतो.

आता नवी काळजी इथेनॉलची. आपल्याच कृष्णाकाठच्या उसापासून बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत आलं आहे. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाही. पण पंपातला जुन्या रबराचा पडदा त्यानं फुगतो, कडक होतो, चिरतो. आणि पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग जातात, आणि चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठते, ती वेगळीच.

म्हणून धुळीच्या खोक्यातला ‘ओरिजिनल’ पंप जास्त पैसे मोजून घेणाऱ्या शौकिनांशी माझं पटत नाही. चाळीस वर्षं पडून राहिलेलं रबर खोक्यातसुद्धा म्हातारं होतं. मी जुन्या पंपाची बॉडी ठेवली आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारला: पडदा इथेनॉल चालणारा आहे का? पहिल्या दुकानात उत्तर आलं, “सब चलता है.” तिथून निघालो. दुसऱ्या दुकानात किट मिळालं. पेट्रोलचे रबरी पाइपही त्याच दिवशी बदलले.

आता दर जुम्याला नमाजनंतर बॉनेट उघडून डिपस्टिक काढतो. ऑइलची पातळी घटलेली नाही ना, हे सगळेच बघतात. मी ती वाढलेली नाही ना हेही बघतो, आणि वास घेतो.