टिळकांनी सोडलेला पगार

ख्रिस्ती माणसाने सन्मानाने जगावे म्हणजे कसे जगावे, हा प्रश्न प्रवचनात सोपा असतो. पोंभुर्ण्यासारख्या लहान गावात तो तसा राहत नाही. येथे ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. शेजारी प्रेमळ आहेत. नाताळचा फराळ घेतात, दिवाळीचा देतात. तरी केव्हातरी, कोणाच्या तरी तोंडून, सहज म्हणून एक प्रश्न येतोच : "तुमच्या आजोबांना तेव्हा काय मिळालं होतं हो?" पावाच्या तुकड्यासाठी बाटल्याचा हा जुना आळ मराठी ख्रिस्त्यांच्या पाठीशी दीडशे वर्षे आहे. तो रागावून खोडता येत नाही, आणि हसून सोडला तर मान्य केल्यासारखा होतो.

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना आम्हाला याचे उत्तर सापडत गेले. नारायण वामन टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिळाले काय, हे विचारणाऱ्यांनी गेले काय, हेही पाहावे. आप्त गेले, जात गेली, आणि लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या; पण आल्या त्या सोवळ्यासकट, आपली चूल वेगळी ठेवून. टिळकांनी ती चूल मोडली नाही. ती मोडली लक्ष्मीबाईंनी स्वतः, जातिभेद देवाने केलेला नाही असे त्यांच्या मनाने घेतले तेव्हा; आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात एकाच छपराखाली दोन धर्म इतक्या अदबीने नांदले, त्या घराला बाटवाबाटवीचा आळ कसा चिकटणार?

यापुढची गोष्ट आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. 1917 साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, आणि ख्रिस्ती संन्याशाचे जिणे पत्करले. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते वारले. ख्रिस्ताची भक्ती आणि मिशनचे वेतन या दोन गोष्टी लोकांच्या नजरेत एक झाल्या होत्या. त्यांनी त्या आपल्या हाताने वेगळ्या केल्या. आळाला असे उत्तर वादविवादात देता येत नाही. ते जगूनच द्यावे लागते.

आज तो पगार राहिलेला नाही, पण किंमत राहिली आहे. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. आदिवासींना धर्माची अशी अट नाही. म्हणजे एकाच वस्तीत, एकाच प्रार्थनेला बसलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या हाती दाखला राहतो, दुसऱ्याच्या राहत नाही. म्हणून काही घरांत कागदावर एक धर्म आणि देव्हाऱ्याच्या जागी दुसरा, अशी सोय झालेली असते. त्यांना दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. मुलाच्या फीची चिंता ज्याची त्याला. कायद्याने माणसावर अशी निवड लादावी, हेच मुळात अन्यायाचे आहे. तरीही आपण कोण आहोत हे लपवून मिळालेला मान आतून पोखरलेला असतो, एवढे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

हे धैर्य शिकण्यास दूर जावे लागत नाही. चंद्रपुरात 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा दिली. त्या दिवशी बौद्ध झालेल्यांनी आपली ओळख उघडपणे सांगितली, आणि केंद्राच्या सवलतींसाठी त्यांना 1990 पर्यंत थांबावे लागले. आमच्या शेजारच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ती किंमत मोजली आहे. सचोटी ही एका धर्माची मिरास नव्हे, हे आम्ही चर्चमध्ये ऐकले असेल; पटले ते त्यांच्या ओसरीवर.

मग ख्रिस्ती म्हणून वेगळे काय उरते? मोठे काही नाही. उन्हाळ्यात येथली माणसे पहाटे जंगलात शिरतात, वाघाची भीती मनात ठेवून तेंदूपाने तोडतात, आणि सत्तर पानांचे एकेक पुडके बांधून फळीवर नेतात. तेथे प्रत्येक पुडके कोणी सोडून मोजत नाही. आतली पाने किती, हे बांधणाऱ्याच्या हातालाच ठाऊक. आमच्या श्रद्धेची कसोटीही अशाच ठिकाणी लागते : जेथे मोजणारा समोर नाही, तेथे पाने पुरी भरावी. आजोबांना काय मिळाले, याचे उत्तर विचारणाऱ्याने मग आमच्या तोंडून ऐकू नये. आमच्याशी केलेल्या व्यवहारातून त्याने ते स्वतःच काढावे.