पाच तासांचे अंतर

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाच ते साडेपाच तास लागतात. कागलहून मुंबईला जायला मात्र एस.टी.त अख्खी रात्र काढावी लागते. म्हणून आमच्या मोहल्ल्यात लोक सहज म्हणतात, "जेद्दा काय, मुंबईपेक्षा जवळ!"

वर्गात आम्ही मुलांना हे गणित घालतो. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. मुंबईहून दुपारी बाराला निघालेले विमान साडेपाच तास उडून तिथल्या तीनला उतरते. येताना वारा बहुधा पाठीशी असतो, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो. ज्यांचे वडील तिकडे कामाला आहेत, त्या मुलांचे उत्तर सगळ्यांत आधी येते.

आमच्या दादांच्या पिढीत हाजी मुंबईहून जहाजाने जात. आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ समुद्रावरच जाई. निघण्यापूर्वी ते घरोघर जाऊन "कहा-सुना माफ करो" म्हणत, कारण परतण्याची खात्री नसे. १९९५ पासून ती जहाजे बंद झाली. माफी मागण्याची रीत अजून आहे, पण आता खिशात परतीचे तिकीट असते. अंतर लांब आहे, हे तेव्हा सारा गाव मानत असे. आज ते कुणी मानत नाही.

२०१२ साली आमचे अब्बा गेले. धाकटा भाऊ जेद्दात एका दुकानात कामाला होता. फजरच्या वेळी त्याला फोन केला. तिकिटापुरते पैसे त्याच्याजवळ होते. पण तेव्हा देशाबाहेर पडण्याच्या परवान्यासाठी मालकाची संमती लागे आणि मालक गावाला गेला होता. आपल्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. असरनंतर दफन झाले. भाऊ पाचव्या दिवशी आला, सामान ओट्यावर ठेवून तसाच कब्रस्तानात गेला. कुणीतरी त्याच्या देखत बोलले, "पाच तासांवर होता, तरी बापाला माती द्यायला आला नाही." हे बोलणे त्याला आजही सलते.

खरा हिशेब मांडू या. परवाना हातात असता, तरी तीन तास आधी विमानतळावर, पाच तास हवेत, पुढे मुंबई ते कागल नऊ-दहा तास. असरच्या जनाज्याला तो पोहोचलाच नसता.

२०२१ मध्ये सौदी सरकारने नियम बदलला. आता बऱ्याच कामगारांना मालकाच्या संमतीविना हा परवाना काढता येतो. घरकाम करणारे आणि घरगुती ड्रायव्हर मात्र त्या सुधारणेतून वगळले गेले. आपल्या भागातून असल्या कामांवर गेलेली पोरे काही कमी नाहीत. त्यांच्या घरी मय्यत झाली, तर वाचकांनी त्यांच्या आईबहिणींना आधार द्यावा. न पोहोचलेल्या मुलाला विमानाचे तास मोजून बोल लावू नयेत.