ओव्हरसाईज

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या मुलाला इंजिन आधी सुटं दिसतं, जोडलेलं नंतर. गाडीच्या बॉनेटखाली काय असतं हे कळायच्या कितीतरी आधी मला क्रँकशाफ्ट ओळखू येत होता. शेडच्या दाराशी क्रँक ओळीने मांडलेले असत, जर्नलना, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांना, ग्रीस फासलेलं आणि त्यावर कागद गुंडाळलेला. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाकडून खानापूर रस्त्याला लागलं की फौंड्रीतल्या जळक्या वाळूचा आणि कटिंग ऑइलचा वास एकत्र यायचा. आमच्या घरी तो वास बाबांच्या शर्टाला असे. धुऊनही जात नसे आणि आईने त्याची कधी तक्रार केली नाही.

बाबा एका छोट्या कारखान्यात क्रँक ग्राइंडर चालवत. बेळगावचा क्रँकशाफ्ट देशभर जातो हे त्यांच्या बोलण्यात वारंवार येई. या गावाचं लोखंडाशी नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान इथेच थाटलं, लोखंडी नांगर इथेच बनवला. नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि १९१० मध्ये ते कुंडल रोडला, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेले. किर्लोस्कर गेले, पण लोखंडाचं काम जाणणारे हात गावात राहिले, असं बाबा म्हणत. कारखान्यात कोणी खानापूरकडचा, कोणी कित्तूरकडचा. मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात चाले. मापाची भाषा मात्र एकच होती: थाऊ. म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

बाबा मला ग्राइंडिंगच्या चाकाजवळ येऊ देत नसत, पण मायक्रोमीटर हातात देत. जर्नल एकदा उभं मापायचं, एकदा आडवं. दोन मापांत फरक आला की जर्नल अंडाकृती झालं. मग हिऱ्याने चाक ड्रेस करायचं, कोपऱ्याची गोलाई नीट उतरली आहे का ते बघायचं. बाबांचं सगळ्यात जास्त लक्ष या गोलाईवर असे. क्रँक मोडतो तो मधोमध मोडत नाही, जिथे जर्नल संपून भिंत सुरू होते तिथे मोडतो. तिथे धारदार कोपरा राहिला की ताण साठतो, बारीक चीर पडते आणि पुढे कधीतरी घाटात क्रँक दोन तुकडे होतो. हे मी नंतर उद्यमबागेतल्याच गोगटे कॉलेजात फटीग या नावाने शिकलो. पण परीक्षेत जी आकृती काढली ती मनात बाबांच्या बोटाखालची होती.

रविवारी गॅरेजवाल्यांची कामं येत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतल्या जीपा, आणि सगळ्यात जास्त प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीची, मुंबईत कुर्ल्याला बनणारी गाडी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर, जेमतेम ४० अश्वशक्ती. लोखंडी ब्लॉक जाड आणि जड. निळा धूर यायला लागला की हेड उघडायचं. बोअर वरून झिजून शंकूसारखा झालेला असे. मग दहा थाऊ बोअर पाडायचा आणि ओव्हरसाईज पिस्टन घालायचा. पुढच्या खेपेला वीस, मग तीस, मग चाळीस. इकडे क्रँक तेवढाच घासून अंडरसाईज बेअरिंग बसवायची. ब्लॉक ओतणाऱ्याने पुढच्या झिजेसाठी लोखंड आधीच ठेवलेलं असे. एका इंजिनाचे असे चार-पाच जन्म होत, आणि त्यांतला प्रत्येक जन्म उद्यमबागेसारख्या ठिकाणी, बाबांसारख्या कुणाच्या हातून होई. भरवशाची गाडी म्हणताना त्या काळी हे सगळं गृहीत होतं. गाडी बिघडणारच, पण ती इथे, आपल्या गावात दुरुस्त होणार.

आज माझ्या दाराशी फोक्सवॅगन टायगून आहे. २०२१ च्या सप्टेंबरात ही गाडी बाजारात आली, पुण्याजवळ चाकणला बनते. तीन सिलिंडर, ९९९ सीसी, बोअर ७४.५ आणि स्ट्रोक ७६.४ मिलिमीटर. ताकद ११५ पीएस. टॉर्क १७८ न्यूटन मीटर, आणि तोही १७५० फेऱ्यांपासून ४५०० पर्यंत जवळजवळ सपाट. पद्मिनीच्या एका लिटरमधून निघायची तिच्या तिप्पट शक्ती इथे एका लिटरमधून निघते. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी जास्त वाटली. क्रँकला हे सोसवतं कसं, हा उद्यमबागेतल्या माणसाचा पहिला प्रश्न.

ही शक्ती येते टर्बोमुळे. टर्बोचं तत्त्व नवं नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं. बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. फौंड्रीत वाढलेल्याला हे लगेच पटतं. क्युपोलाला, म्हणजे लोखंडाच्या भट्टीला, ब्लोअरचा वारा नसेल तर कोक कितीही घाला, लोखंड वितळत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, इथल्या हवेचा दाब कोकणपट्टीपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी. पद्मिनीला तेवढा श्वास कमी पडायचा. टर्बो ती तूट भरून काढतो, म्हणून चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट चढताना गाडी गोव्याच्या सपाटीवर असल्यासारखी ओढते. हे सुख मला खरंच फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे छोट्या टर्बोची लाट यायला करही कारण झाला. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलवर १२०० सीसीच्या आतल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क उतरवलं. त्या रेघेच्या आत राहून ताकद वाढवायची तर हवा दाबूनच भरावी लागते. रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १२०० ला टेकलेलं आहे ते उगीच नाही. माझी गाडी चार मीटरपेक्षा लांब, तिला त्या सवलतीशी घेणंदेणं नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच. पेट्रोलचा धूर टर्बोत शिरताना साडेनऊशे अंशांच्या घरात जातो, डिझेलचा त्याहून बराच थंड असतो. साधं बिडाचं लोखंड बाराशेच्या अलीकडेच वितळतं, हे ज्याने भट्टीसमोर उभं राहून पाहिलंय त्याला या आकड्याची धास्ती कळेल. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारतो. त्याला बॉल बेअरिंगसुद्धा बहुधा नसते. काही शतांश मिलिमीटरच्या फटीत तेलाच्या थरावर तो तरंगतो. बाबा जी फट आयुष्यभर राखत आले तीच ही फट, फक्त आता तिच्यात चूक खपत नाही.

या इंजिनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ब्रोशरमध्ये ठळक छापलेली नसते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा बोल्टने जोडलेला नाही, तो हेडच्या कास्टिंगमध्येच आहे आणि त्याच्या भोवती पाणी खेळतं. म्हणजे धूर टर्बोपर्यंत पोचायच्या आतच थोडा निवतो, आणि थंडीत तेच पाणी इंजिनाला लवकर गरम करतं. पण हे ओतायचं कसं? धुराच्या वाटांसाठी वाळूचा एक कोअर, त्याला वेढणाऱ्या पाण्याच्या वाटांसाठी दुसरा, दोन्ही एकमेकांना न टेकता साच्यात तोलून बसवायचे, आणि मधली अॅल्युमिनियमची भिंत सगळीकडे सारखी यायला हवी. कोअर केसभर हलला तर भिंत पातळ होते आणि पाणी धुरात मिसळतं. ज्यांनी हे जमवलं त्यांच्यापुढे आमच्या फौंड्रीतला कुठलाही जुना मोल्डर हात जोडेल.

मग अशी इंजिनं का बिघडतात? बहुतेक वेळा तेलामुळे. पद्मिनीत वीस-चाळीस ग्रेडचं कुठलंही तेल चालायचं, काळं झालं तरी ती ओढायची. टर्बोत जुनं तेल तापलेल्या दांड्यापाशी करपून कडक होतं आणि बारीक वाट बंद करतं. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवू नये, मिनिटभर इंजिन हळू चालू द्यावं, ही सवय त्यासाठीच. आताच्या अनेक गाड्यांत बंद केल्यावरही पाणी फिरवणारा छोटा विजेचा पंप असतो, तरी मी ती सवय सोडलेली नाही.

दुसरा धोका आपल्या काटकसरीतून येतो. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर चढ चढवला की पेट्रोल वाचतं, असं आमच्याकडच्या ड्रायव्हरांच्या दोन पिढ्या मानत आल्या. छोट्या टर्बो इंजिनात नेमकं तेव्हाच मिश्रण ठिणगीच्या आधी पेटू शकतं, आणि तो एकच तडाखा पिस्टनच्या रिंगांमधली भिंत फोडू शकतो. हे इतकं गंभीर आहे की २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकेतल्या तेल-उद्योगाच्या संघटनेने यासाठी तेलाचा एसएन प्लस हा दर्जा आणला आणि २०२० मध्ये एसपी. बाबांनी टर्बो कधी चालवला नाही. पण निपाणीजवळच्या तवंदी घाटात मला गाडी शिकवताना ते जे सांगत ते या इंजिनाला जास्त लागू पडतं: "त्याला ओढायला लावू नको. खालचा गिअर टाक की."

कधी चूक थेट आराखड्याचीही असते. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टला २०१२ पासून लागोपाठ तीन वर्षं जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचा मान मिळाला. आपल्याकडे २०१३ च्या इकोस्पोर्टमधून ते १२५ पीएस घेऊन आलं. त्यात तेलात बुडालेला पट्टा होता. २०२३ च्या डिसेंबरात, तेलाचा पंप फिरवणाऱ्या पट्ट्याच्या ताणदांड्यातल्या दोषामुळे अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पंप थांबला की तेलाचा दाब जातो, आणि दाब गेला की क्रँकची ती फट कोरडी पडते.

तरीही माझं मत या इंजिनांच्या बाजूने आहे. ज्याच्या हातात वेळेवर तेल बदलण्याची शिस्त आहे त्याला ती फसवणार नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. काही नव्या इंजिनांत बोअरला लोखंडी लाइनरच नसतो, अॅल्युमिनियमवर फवारलेला लोखंडाचा अतिपातळ थर असतो. निसान मॅग्नाइटच्या ९९९ सीसी टर्बोत तो आहे आणि कंपनी तो अभिमानाने सांगते. घर्षण कमी, वजन कमी, उष्णता लवकर बाहेर, सगळं खरं. पण त्या थराला दहा थाऊ बोअर पाडता येत नाही. लोखंड राखून ठेवलेलंच नाही. माझ्या गाडीत लाइनर आहेत, तरी मालकाला मिळणाऱ्या पुस्तकात टायर किती फुगवायचा हे आहे, बोअरचं माप नाही आणि ओव्हरसाईज तर नाहीच.

बाबा ज्या ग्राइंडरवर उभे राहत तिथे आता सीएनसी आहे. नवे क्रँक तिथून आजही जातात, मायक्रॉनमध्ये मोजलेले. रविवारचं गॅरेजचं काम मात्र जवळपास आटलंय. सेकंडहँड टर्बो घेऊन येणाऱ्या खानापूरच्या एखाद्या तरुणाला सर्व्हिस सेंटरमध्ये अख्खं इंजिन बदलण्याचा आकडा सांगितला जातो, आणि तो गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. त्या समितीपुढे बोलायची संधी मिळाली तर मी एवढंच मागेन: ११५ पीएस जिथे छापता त्याच पानावर बोअरचं माप, क्रँकच्या जर्नलची फट, आणि ओव्हरसाईज पिस्टन मिळत असेल तर त्याचा पार्ट नंबर छापा. मिळत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे गाडी घ्यायच्या आधी माणसाला कळेल. आणि जी मापं द्याल ती राखणारी माणसं उद्यमबागेत आहेत. त्यांना फक्त आकडे द्या.