दोन्हीकडे मंगळवारी बंद

लेकीनं वहीच्या शेवटच्या पानावर महिना आखलाय आणि त्यातल्या सगळ्या मंगळवारांवर लाल फुल्या मारल्यात. जपानात नागोयाजवळ नागाकुते इथं घिबली पार्क आहे, ते मंगळवारी बंद असतं. फुल्या पाहून मला हसू आलं. आमचं ताडोबाही मंगळवारीच बंद. चंद्रपूरकराला हे पाठ असतं. मंगळवारी पाहुणा टपकला की त्याला महाकालीचं दर्शन घडवायचं, गोंडराजांचा परकोट दाखवायचा आणि जिप्सीचं नाव बुधवारी काढायचं. इतक्या लांबच्या दोन जंगलांनी विश्रांतीला एकच वार निवडावा!

हायाओ मियाझाकींच्या स्टुडिओतले सिनेमे डोळ्यांपुढे ठेवून हे पार्क उभं केलंय. 2022च्या नोव्हेंबरात उघडलं, आखणी त्यांच्या मुलाची, गोरोची. पोटात गोळा आणणारे पाळणे तिथं नाहीत, म्हणून मी तिथं जायला लगेच तयार झालो. खोपोलीच्या इमॅजिकात मी दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलो होतो आणि मजेत होतो. इथं नुसतं चालायचं. 2005च्या जागतिक प्रदर्शनाची ही जागा, आता झाडीची बाग झालेली. ‘माय नेबर टोटोरो’मधल्या दोघी बहिणींचं घर तिथं आहे आणि त्यातले खण खुशाल उघडून बघता येतात. दुसऱ्याच्या घरातले खण उघडायला मिळणं यापरता आनंद नाही.

टोटोरो मोठ्या झाडाच्या पोटात राहतो. केसाळ, ढेरपोट्या, झोपाळू. बोलत नाही, फक्त डरकाळतो. मामाला तो पटला असता.

मामा वनरक्षक. नोकरी आलापल्लीकडे, पण महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे मुक्कामाला यायचा. 1993 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. ती मालिका मुळात जपानी होती हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज आहे म्हणजे वाघ आपल्याकडचाच. आळीतली पोरं आमच्या घरात दाटीवाटीनं बसायची. मामा मागं भिंतीला टेकून पन्नीत खर्रा घोटत बघायचा. शेरखान बोलायला लागला की म्हणायचा, ‘‘वाघ इतला बोलत नाही बाप्पा. ज्याले बोला लागते तो वाघ कायचा?’’ पोरं चिडायची. मग ऐन रंगात लाइन जायची आणि उरलेला भाग मामा सांगायचा. त्याच्या मोगलीला लांडग्यांनी वाढवलेलं नसे. त्याची आई पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली असे, टोपली झाडाखाली राहिलेली असे आणि पोर टोपलीशी बसून असे. पुढं काय झालं ते मामा कधी सांगत नसे. खर्रा तोंडात टाकायचा आणि उठून अंगणात जायचा. आम्ही पंख्याकडं बघत बसायचो.

त्याच उन्हाळ्यात तो मला ताडोबाच्या तळ्यावर घेऊन गेला. काठावर मोठं झाड, त्याखाली तारूचं ठाणं. तारू गावचा मुखिया होता म्हणतात; वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. त्याच्याच नावानं ताडोबा. पूर्वी पौषात इथं जत्रा भरायची. मामानं दुरूनच चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या. जमीन तव्यासारखी तापलेली. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो आणि तो हात जोडून उभा होता, नेहमी एवढा बोलणारा माणूस, अगदी गप्प. तळ्यात मगर पडून होती. मला ती ओंडका वाटली.

पार्कात ‘प्रिन्सेस मोनोनोके’चंही गाव आहे, 2023मध्ये उघडलेलं. सिनेमात लोखंड गाळणाऱ्या माणसांचं आणि रानातल्या देवांचं वैर आहे. लेकीबरोबर तो पुन्हा पाहिला आणि त्यानंतर आठच दिवसांनी आलापल्लीला जाणं झालं. वाटेत सूरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक येत राहिले. लेक मोजत होती, एकशे चारला कंटाळली. सूरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकुरदेवाची यात्रा भरते, हे मी तिला सांगितलं की सांगायचं राहून गेलं, ते आता आठवत नाही.

खर्चाचा हिशेब अजून जुळत नाही. तिकीट आधी काढायचं, तेही तारीख ठरवून. त्याची मात्र आम्हाला सवय आहे. लेकीची घाई वेगळीच. तिथल्या टेकडीवर टोटोरोच्या आकाराचं लाकडी घर आहे आणि त्याच्या पोटात फक्त प्राथमिक शाळेच्या वयापर्यंतच्या मुलांना जाऊ देतात. तिच्या हातात दोन वर्षं उरलीत. मी बाहेरच उभा राहणार, पिशव्या घेऊन.

मामा आता निवृत्त आहे, ऐकायला कमी येतं. लेकीनं फोनवर ओरडून ओरडून त्याला सगळं समजावलं: केसाळ आहे, मोठा आहे, आपण त्याच्या पोटात जायचं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

‘‘पोटात जाता येते, ते समजलं,’’ मामा म्हणाला. ‘‘बाहेर येता येते का, ते इचारून घे पहिले.’’

तिनं ते वहीत, लाल फुल्यांच्या खाली, लिहून घेतलं.