वजन उतरलं, आता राखायचं



वर्षभरात मी 86 किलोवरून 74 वर आलो. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 6.3 वरून 5.6 झाली. बाबांना चाळिशीतच मधुमेह लागला, त्यामुळे मला वजनापेक्षा या दुसऱ्या आकड्याची काळजी जास्त. दिवाळीत घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलं, "कसं उतरवलंस?" एकट्या आईने विचारलं, "आता टिकवणार कसं?"

प्रश्न रास्त होता. 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर लोकांचं रक्त तपासलं. वर्ष उलटलं तरी भूक चाळवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं आणि चरबीचा साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन उतरलेलंच. डाएट संपल्यावर सारखी खा-खा सुटते ती निव्वळ मनाच्या कमजोरीने नाही. शरीर जुनं वजन परत मागत असतं.

हैदराबादची माझी मामेबहीण कोरियन मालिकांची भक्त. तिने तिकडच्या पारंपरिक वैद्यकातला काढा सुचवला. वाचून पाहिलं. वजनाच्या त्या काढ्यांत बरेचदा एफेड्रा ही वनस्पती असते. तिच्यातलं एफेड्रिन भूक मारतं, पण हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढवतं. कोरियात वैद्य तपासून मात्रा ठरवतात. अमेरिकेने 2004 मध्ये एफेड्राच्या पूरक गोळ्यांवर बंदीच घातली. मग इथे आदिलाबादेत कुरियरने पुडी मागवून मी ती कोणाला विचारून घेऊ? शिवाय पुडी संपली की भूक आहेच.

आपल्या चरकसंहितेत स्थूल माणसाला पचायला जड पण पोषणाला हलकं अन्न सांगितलंय, जव वगैरे. व्यायामही हळूहळू वाढवायला सांगितलाय. आमच्याकडे जवाच्या जागी ज्वारी. रात्री दोन भाकरी, वरण, भाजी, भात दुपारीच. ऑफिसचं काम घरूनच असल्याने लॅपटॉप मिटला की पाऊण तास चालतो. (डिसेंबरात इथल्या थंडीत पहाटे चालणाऱ्यांना माझा दंडवत!) डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून आठवड्यातून तीनदा डंबेल्स.

दर सोमवारी वजन करतो. सर्व्हरला लावतो तसा अलार्म 76 वर लावलाय. तिथे काटा गेला की दोन आठवडे गोड बंद आणि चालणं एक तास. आतापर्यंत दोनदा वाजला, दोन्ही वेळा लग्नसराईत. आग्रहावर औषध कुठल्याच संहितेत नाही.

या सोमवारी काटा 75.2 वर होता. पुढच्या महिन्यात किनवटला आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळला, तीन लग्नं आहेत.