बेल्ट कुणाच्या कमरेला

सुप्याच्या एमआयडीसीत सिक्स सिग्मा या गुणवत्ता-सुधारणेच्या पद्धतीचा ग्रीन बेल्ट मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. पैसे भरायचे, शनिवार-रविवार लॅपटॉपसमोर बसायचं, बहुपर्यायी प्रश्नांवर टिचक्या मारायच्या. सोमवारी मेलवर प्रमाणपत्र. पारनेरच्या फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या डिप्लोमावाल्या पोराला मी दोष देत नाही. नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो, तो भरावा लागतो. माझा संबंध येतो त्यापुढे. इथल्या काही कारखान्यांत सुधारणा-प्रकल्प तपासून बेल्ट द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या पॅनलवर मी बसतो. ‘नाही’ म्हणण्यासाठीच आपल्याला बोलावलंय, असं मी धरून चालतो. बोलावणाऱ्यांना ते दर वेळी मान्य असतंच असं नाही.

या धंद्याला मालक नाही. सिक्स सिग्मा १९८६ साली मोटोरोलात जन्मलं. १९९५ पासून जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ते असं लावून धरलं की बढतीची वाटच बेल्टवरून जाऊ लागली. पण वकिलांना जशी बार कौन्सिल, तसं ग्रीनच्या वरच्या ब्लॅक बेल्टलाही कुणीच नाही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी परीक्षेच्या आधी पूर्ण केलेल्या प्रकल्पाचं प्रतिज्ञापत्र मागते, दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायला लावते. आपल्याकडे भारतीय सांख्यिकी संस्थेसारखी जुनी, कसून गणित करून घेणारी जागा आहे. आणि तोच बेल्ट दोन दिवसांत देणारेही आहेत. भिंतीवर लावल्यावर चौकट सारखीच दिसते.

आणि बेल्टमागचा आकडा आला कुठून, हे न विचारायची आपली सवय तशी जुनी. मुंबईच्या डबेवाल्यांना ‘फोर्ब्ज’ने सिक्स सिग्माचा दर्जा दिला, हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी अभिमानाने सांगतंच. तसं काही झालेलं नाही. १९९८ साली त्या नियतकालिकात डबेवाल्यांवर लेख आला होता. लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे स्पष्टच सांगितलं, की आम्ही कुणाला दर्जा दिला नाही आणि सिक्स सिग्मा हा शब्दही मी वापरला नव्हता. चूक किती वेळा होते, असं संघटनेच्या अध्यक्षांना विचारल्यावर ‘दोन महिन्यांत एखादी’ असं उत्तर मिळालं होतं. तेव्हा रोजचे पावणेदोन लाख डबे, जाऊन-येऊन साडेतीन लाख फेऱ्या. दोन महिन्यांचा गुणाकार केला की दीड कोटीहून जास्त फेऱ्यांमागे एक चूक निघते. गुणाकार बरोबर आहे, पण त्याच्या मुळाशी अंदाज आहे, मोजणी नाही. मावळ, खेड, जुन्नरच्या त्या माणसांच्या कामाचं अप्रूप मलाही आहे. पण हाच आकडा कुणी माझ्यासमोर प्रकल्प म्हणून आणला असता, तर मी रोजची नोंदवही मागितली असती.

नोंदवही मागितली की गंमत सुरू होते. एका पोराने पावडर कोटिंगच्या लाइनवरचं रिजेक्शन निम्म्याहून खाली आणलं होतं. कारणं मांडणारी फिशबोन आकृती झकास, आलेख रंगीत. मी तारखा बघितल्या. ‘आधी’चे आकडे ऑगस्ट-सप्टेंबरचे, ‘नंतर’चे डिसेंबरचे. पावसाळी हवेत पावडर ओल धरते, गुठळ्या होतात, फवारा बिघडतो. हवा कोरडी झाली की निम्मं दुखणं आपोआप जातं. पोराने काहीच केलं नव्हतं असं नाही. पण त्याचं किती आणि पाऊस उघडल्याचं किती, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत निकाल राखून ठेवा, असं मी लिहिलं. एचआरला बेल्टवाटपाचा कार्यक्रम मार्चअखेर उरकायचा होता, त्यामुळे त्या दिवशीचा चहा फार गोड लागला नाही.

दुसरी युक्ती याहून सोपी. रिजेक्शन कमी करायचं असेल तर पोचा आलेला भाग ‘रिवर्क’च्या रकान्यात ढकलायचा. माल तोच, पोचा तोच, पण रकाना बदलला की सुधारणा झाली. म्हणून बचतीच्या आकड्यावर प्रकल्पवाल्याची नव्हे, अकाउंट्सची सही असावी, आणि गेजचं कॅलिब्रेशन मी स्वतः लाइनवर जाऊन बघतो.

पण मुळातली भानगड पैशाची आहे. जो क्लास घेतो, तोच परीक्षा घेतो, तोच पास करतो. नापास केलं तर पुढची बॅच येणार कशी? व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक आहे. ते म्हणतं, उमेदवाराला ज्याने शिकवलं किंवा ज्याने त्याची परीक्षा घेतली, त्याने प्रमाणपत्राचा निर्णय करू नये. आणि निर्णयावर दाद मागायची सोय असावी. आमच्या नगर जिल्ह्यातल्या यात्रांच्या हगाम्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही: वस्तादाने आपल्याच पठ्ठ्याच्या कुस्तीत पंच व्हायचं नसतं. आणि दाद मागायची वाट समोर दिसली नाही की काय होतं, तेही आम्ही इथेच पाहिलं. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत, अहिल्यानगरच्याच मैदानात, निकालावरून पंचाला लाथ बसण्यापर्यंत गोष्ट गेली. निर्णय चूक की बरोबर हा वाद बाजूला ठेवू. बेल्टच्या परीक्षेत लाथ कुणी मारत नाही. नापास झालेला पोरगा मुकाट दुसऱ्या कंपनीत जातो आणि तिथे दोन दिवसांचा बेल्ट दाखवतो. म्हणून नापासाचं कारण लेखी द्यायचं, आणि फेरतपासणी पॅनलबाहेरच्या माणसाने करायची, एवढं मी मान्य करून घेतलं आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. त्या कोटिंगच्या लाइनवर हँगरचा कोन बदलायची कल्पना एका कंत्राटी ऑपरेटर बाईंची होती. मी विचारल्यावर पोरानेच ते सांगितलं, स्लाइडवर नव्हतं. बाई दहावी झालेल्या, परीक्षा इंग्रजीत, आणि कंत्राटी म्हणून अर्जच करता येत नाही. क्वालिटी सर्कलच्या स्पर्धांत कामगार मराठीत बोलून बक्षिसं घेऊन जातात. बेल्टच्या तोंडी परीक्षेला मराठी का चालू नये, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. पॅनलवरचे एक सहकारी म्हणतात, प्रमाणपत्र एका व्यक्तीच्या कुवतीचं असतं, त्यावर पाच नावं घालता येणार नाहीत. नियमाने त्यांचं बरोबर आहे. मग ऑपरेटरलाच अर्ज करू द्या, असं माझं म्हणणं. कंत्राटी माणूस सहा महिन्यांत निघून जातो, त्याच्यावर खर्च कोण करणार, हे मॅनेजमेंटचं.

यंदा मी एवढंच मागितलं: तोंडी परीक्षा कॉन्फरन्स रूममध्ये नको, लाइनवर घ्या, मराठीत घ्या, आणि मशिनवरचा माणूस शेजारी उभा असू द्या. एका उमेदवाराला किती वेळ लागेल, असं एचआरने विचारलं. पहिल्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीआधी दोघे होतील, असं कळवलं आहे.